चिखलातली फटफटी आणि शिवरस्ता



पावसाळा लागला की आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या रानात दोन गोष्टी हटकून रुततात. एक बैलगाडीचे चाक आणि दुसरी फटफटी. पूर्वी गावात एखाद्याच्याच दारी राजदूत उभी असे आणि तिच्या आवाजावरून कोण आले ते चुलीपाशी बसून कळे. आता बहुतेक घरी गाडी आहे. दुधाचे कॅन, खताचे पोते, फवारणीचा पंप, शाळेची पोर आणि आजारी माणूस, सगळे तिच्यावरूनच जाते. गाडी घेताना आपण मायलेज दहा ठिकाणी विचारतो. ती ज्या वाटेने रोज जायची, त्या वाटेची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

यंदा पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही चार मित्र एका आखाड्यावर निघालो. एक मास्तर, एक गुरांचे डॉक्टर, एक निवृत्त तलाठी आणि मी. आखाडा मास्तरांच्या मेहुण्यांचा. निमित्त भज्यांचे. डांबरी सडक सोडली की तीन किलोमीटर शिवरस्ता. चार माणसे आणि चार गाड्या. दोघे दोघे बसलो असतो तर पेट्रोल वाचले असते, पण चिखलात डबलसीट म्हणजे चाक आणखी चार बोटे खाली.

विलायतेत चिखल-दगडांतून मोटारसायकल हाकण्याचा खेळच आहे म्हणे. वेगाला त्यात महत्त्व नाही. पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण लागतो. तो हिशेब आमच्याकडे लावला तर पहिल्या फर्लांगातच आम्ही चौघे नापास! आमचे पाय नांगरासारखे दोन्ही बाजूंनी जमिनीला लागलेले.

मातीला वापसा असतो हे तुम्हाला मी काय सांगावे. वाटेलाही असतो. पाऊस पडत असताना चिखल राबडीसारखा पातळ असतो. चाक घसरते, पण माती धुऊनही जाते. पाऊस उघडून चार-सहा तास झाले, ऊन पडले, की तीच माती मळलेल्या कणकेसारखी होते आणि खरी पंचाईत तेव्हा. ती टायरला चिकटते, मडगार्डखाली ठासून बसते आणि पुढचे चाक जाम होते. भारी काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास चिकणमातीचे कण असतात. त्यांतले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पायाला पाच शेर गोळा, दोन्ही त्याचीच करामत. पण हीच माती ओल धरून ठेवते म्हणून आपली रब्बी ज्वारी पाण्याच्या पाळीवाचून उभी राहते. तेव्हा तिला शिव्या देऊ नयेत.

डॉक्टर रोज अशाच वाटांनी फिरणारे. त्यांनी हँडलला एक जाड तुराटी बांधून आणली होती. दर शंभर-दीडशे पावलांवर उतरायचे आणि मडगार्डखालची माती तुराटीने कोरून काढायची. चाक जाम झाल्यावर इंजिनाच्या जोरावर गाडी रेटली तर क्लचच्या प्लेटी जळतात. जळका वास आला की थांबलेच पाहिजे.

चालवण्याची रीत त्यांचीच सांगतो, कारण आमच्यात न पडलेले तेवढे एकच. दुसरा गिअर आणि एकसारखा वेग. ॲक्सिलेटर एकदम पिळला की मागचे चाक जागीच फिरून खड्डा खणते. नजर चाकापाशी नको, दहा पावले पुढे असावी. गाडीच्या चाकोरीत शिरलात तर सपाट जागा येईपर्यंत तिच्यातच राहावे. मधूनच बाहेर काढायला गेले की पुढचे चाक आडवे होते. पुढचा ब्रेक तर चिखलात विसरूनच जावा. मास्तरांना तो नेमका आठवला आणि ते गाडीसकट काटकोनात आडवे झाले. लागले काही नाही; धोतर असते तर धुवायला नदीच लागली असती. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण फार उतरवली तर ट्यूब आत सरकते आणि व्हॉल्व्ह तुटतो. चार-पाच पौंडांपलीकडे उतरवू नये आणि सडकेला लागताच भरून घ्यावी.

निम्म्या वाटेवर मात्र वाटच संपली. दोन चुलतभावांचे भांडण. एकाने शिवरस्ता नांगरून त्यावर तूर टाकली. दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून जून महिन्यात जेसीबीने आडवा चर खोदला. भांडण दोघांचे आणि कोंडी पलीकडच्या अठरा-वीस खातेदारांची. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण शेजारच्या कपाशीत शिरतो. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या कपाशीच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, खुरपे घेऊन धुऱ्यावर उभ्या होत्या.

"साहेब, यांची वाट मोडली म्हणून माझं रान मोडायचं का? दोन तासं गेली माझी. अजून किती जायची?"

यावर काय बोलणार? गाड्या बंद केल्या आणि धुऱ्या-धुऱ्याने ढकलत नेल्या. तुडवलेली जागा मी पावलांनी मोजली. चाळीस पावले लांब, सहा पावले रुंद, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या पुढे. गेलेली कपाशी डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे. ओल्या काळ्या मातीवरून चाक गेले की तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते, खाली घट्ट थर बनतो, त्यावर पाणी साचते आणि मुळी खाली उतरत नाही. एका नांगरटीने ते पुरते सुटत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी तर हे फारच ध्यानात धरावे. दुसऱ्याच्या रानातून 'एकदाच' गेलेले चाकही पुढची दोन-तीन पिके दिसत राहते.

आखाड्यावर मूग ताडपत्रीखाली पडलेला होता. गुरुवारी तोडलेल्या शेंगा. ट्रॅक्टर येईना, बैलगाडी चरापाशी अडलेली. वरून पाण्याचे शिंतोडे. मूठभर शेंगा फोडून पाहिल्या तर दहांतल्या तीन-चार दाण्यांना मोड. मूग साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो हा त्याचा गुण, पण पिकल्यावर पावसात दोन दिवसही थांबत नाही हा अवगुण. मेहुणे आणि त्यांचा मुलगा डोक्यावरून थोडा थोडा माल सडकेपर्यंत नेत होते. घरधनीण भजी वाढता वाढता म्हणाल्या, "मुगाचं काय, यंदा गेला तर पुढल्या साली येईल. सुनेला सातव्यातच गावात भावाकडं नेऊन ठेवलंय. रात्री-बेरात्री वेळ आली तर बाजेवर घालून नेणार कुठून?" भजी चांगली झाली होती, पण यानंतर कोणाचे त्यांत फारसे लक्ष राहिले नाही.

तेव्हा तलाठीबुवांनी चष्मा लावला. त्यांचे सांगणे असे. जी वाट गावनकाशावर आहे किंवा वहिवाटीची आहे, ती कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. इथेच बहुतेक जण चुकतात. आज बोलू, दिवाळीनंतर बघू, असे करता करता मुदत निघून जाते. ज्याच्या शेताला वाटच नाही, त्याने बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३ खाली अर्ज करावा. अर्जासोबत आपला व ज्यांच्या बांधावरून वाट हवी त्यांचा सातबारा आणि शेताचा कच्चा नकाशा जोडावा. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेत-पाणंद रस्त्यांना रोजगार हमीची जोड दिली गेली, पण वाट मोकळी झाल्याखेरीज खडी पडणार कुठे? आणि खडी पडली तरी बाजूला चर नसेल, पाणी वाटेवरच थांबत असेल, तर काळी माती दोन पावसाळ्यांत ती खडी गिळते.

या प्रकरणात मुदत डिसेंबरपर्यंत आहे. अर्ज तिथेच, भज्यांच्या ताटाशेजारी लिहिला गेला. खातेदारांच्या सह्या मेहुणे घेणार. परत येताना आजींना वाचून दाखवला. त्या दोन्ही भांडखोरांच्या सख्ख्या चुलती निघाल्या. म्हणाल्या, "माझा अंगठा सगळ्यात वर घ्या."

येताना ओढ्याला गुडघाभर पाणी आले होते. तासभर काठावर बसलो आणि उतरल्यावरच गाड्या घातल्या. फरशी दिसत नसेल तर ओढा ओलांडायचा नाही. मग घरी कोणी वाट पाहत का असेना. पाण्यात इंजिन बंद पडलेच तर किक मारत बसू नये. गाडी बाहेर ढकलावी, प्लग काढावा, फिल्टर पाहावा, आत शिरलेले पाणी निघू द्यावे आणि मगच चालू करावी. पाण्यातून निघाल्यावर ड्रमचे ब्रेक लागत नाहीत; थोडे अंतर हलका ब्रेक दाबून चालवले की ते सुकतात.

घरी आल्यावर चिखल ओला असतानाच धुवावा. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या आसावर मारू नये, बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. साखळी पुसून तेल द्यावे आणि तिचा ताण पाहावा. मधोमध बोटभर हालली पाहिजे. मागे बसणाऱ्या बायाबापड्यांसाठी चाकावरची साडीची जाळी चिखल अडकतो म्हणून काहीजण काढून टाकतात. ती आजच परत बसवावी.

पुढच्या अंकी मूग-उडीद निघालेल्या रानात रब्बीची तयारी कशी करावी ते पाहू.