फिल्टर पुढच्या खेपेला

‘ऑईल टाक, फिल्टर पुढच्या खेपेला बघू.’

घोडपदेवला रस्त्याच्या कडेला पिकअप उभी करून तासाभरात सर्व्हिस उरकणाऱ्या मालकमंडळींचं हे ठरलेलं वाक्य. पुढची खेप येते तेव्हाही हेच वाक्य येतं. माझा या वाक्यावर जुना राग आहे आणि आज तो सविस्तर काढणार आहे. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनीही वाचावं, कारण विषय वरवर गाडीचा असला तरी मुळात पैसे कोण वाचवतं आणि भरतं कोण, याचा आहे.

मी मेकॅनिक नाही. आमच्या भागातल्या चार-पाच टेम्पोमालकांचे हिशेब लिहितो. भाऊच्या धक्क्यावरून मासळी, कॉटन ग्रीनच्या गोदामांतून धान्य, दारूखान्यातून लोखंड, असा माल वाहणाऱ्या या गाड्या. त्यांची बिलं माझ्याकडे येतात. त्यामुळे कोणत्या गाडीला कधी काय घातलं आणि काय घातलं नाही, हे मला मालकापेक्षा जास्त पाठ असतं. वही खोटं बोलत नाही. एका गाडीची वही उघडली तर ‘ऑईल चेंज’, ‘ऑईल चेंज’, ‘ऑईल चेंज’ अशा तीन नोंदी ओळीने सापडतात आणि फिल्टर एकच! दोन-अडीच हजारांचं ऑईल घालताना हात आखडत नाही, पण तीन-साडेतीनशेच्या फिल्टरपाशी येऊन माणसाला अचानक काटकसर आठवते. हे मला कधीच समजलेलं नाही.

आधी हा डबा करतो काय ते बघू. बाहेरून पत्र्याचा, आत घड्या घातलेला कागद. ऑईल पंप चेंबरमधलं ऑईल ओढतो, ते दाबाने या कागदातून जातं आणि मग क्रँकच्या बेअरिंगला, कॅमला, टर्बोला पोचतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलचा जो पातळ थर असतो तो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरतात, म्हणजे किती बारीक कचरा तिथे नुकसान करू शकतो याचा अंदाज करा. जनरल मोटर्समध्ये १९८८ साली याच विषयावर एक अभ्यास झाला होता. चाळीस मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी तीस मायक्रॉनचा लावला तर इंजिनाची झीज निम्म्यावर येते आणि पंधराचा लावला तर सत्तर टक्क्यांनी कमी होते, असं त्यात दिसलं. फिल्टरचा शोध काही आजचा नाही. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंडने १९२३ मध्ये तो काढला. शंभर वर्षं झाली, आणि आम्ही अजून ‘लागतो का खरंच?’ असं विचारतोय.

आता यातली खरी गोम. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो.

फिल्टर तुंबला तर काय होईल? सगळ्यांना वाटतं ऑईल अडेल, लाल दिवा लागेल, मग बघू. नाही! दिवा लागत नाही. फिल्टर बनवणाऱ्याने (किंवा इंजिन बनवणाऱ्याने) आत एक बायपास व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. कागद तुंबला आणि दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि ऑईल कागदाला वळसा घालून, न गाळता, थेट पुढे जातं. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण कोरड्या बेअरिंगपेक्षा घाणेरडं ऑईल बरं. पण याचा अर्थ असा की तुंबलेल्या फिल्टरची गाडी छान चालते. आवाज नाही, दिवा नाही, धूर नाही. महिनोन् महिने ती न गाळलेलं ऑईल पिते आणि मालक म्हणतो, ‘बघ, मी सांगत होतो ना, काही होत नाही!’

‘काही होत नाही’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य आहे. त्याचा पुरावा म्हणून माणसं अजून जे झालेलं नाही ते दाखवतात.

बरं, समोरच्या पक्षाचंही ऐकू. त्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा: ‘अहो, काही कंपन्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असायचं, एक ऑईल सोडून फिल्टर बदला.’ खरं आहे. काही पेट्रोल मोटारींच्या जुन्या पुस्तकांत असं असायचं. पण ती घरची मोटार, चार माणसं घेऊन जाणारी. तुमची गाडी डिझेलची, टर्बोवाली, पाठीवर सव्वा टन घेऊन शिवडीच्या पुलावर चढणारी. डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरते, म्हणून तर डिझेलचं ऑईल दोन दिवसांत काळं होतं. दुसऱ्याच्या पुस्तकातला सोयीचा नियम उचलून आपल्या गाडीला लावायचा नसतो.

दुसरा मुद्दा जरा हुशार माणसं मांडतात: ‘थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो.’ हेही खरं! अडकलेल्या कचऱ्यामुळे कागदाची छिद्रं बारीक होतात. पण छिद्रं बारीक होणं आणि बुजणं ही एकाच रस्त्यावरची दोन स्टेशनं आहेत. आपण कुठल्या स्टेशनावर आहोत हे सांगणारं काही गाडीत नाही. आणि काजळीचे कण एवढे सूक्ष्म की बरेचसे कागदातून निसटतात. म्हणूनच ऑईल आणि फिल्टर ही जोडी आहे. एकाने अडवायचं, दुसऱ्याने उरलेलं पोटात घेऊन बाहेर जायचं. जोडीतला एकच बदलला तर जुन्या डब्यातलं अर्धा लिटरभर काळं ऑईल नव्या सहा लिटरमध्ये पहिल्याच सेकंदाला मिसळतं. आंघोळ करून मळलेला बनियन घालण्यातला प्रकार.

तिसरा मुद्दा किलोमीटरचा. ‘अजून दहा हजार कुठे झालेत?’ इथे मी हिशेबनीस म्हणून बोलतो. हायवेवर सरासरी पन्नासने चालणारी गाडी दहा हजार किलोमीटर दोनशे तासांत कापते. आमच्याकडची गाडी रे रोड, माझगाव, मशीद बंदर अशी फिरते. तिला सरासरी बाराचा वेग मिळाला तरी नशीब. तेच दहा हजार किलोमीटर कापायला तिचं इंजिन आठशे तासांहून जास्त चालतं, म्हणजे चौपट! शिवाय धक्क्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहणं वेगळंच, तेव्हा तर मीटर हलतही नाही. कंपनीच्या पुस्तकात बहुतेक वेळा शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की धूळ, ओझं, थांबत-थांबत चालणं असेल तर मुदत कमी करा. ते वर्णन म्हणजे शब्दशः घोडपदेव. पण ते पान कुणी वाचत नाही.

आता पैसे कोण वाचवतं त्याकडे येतो.

आमच्या भागातल्या एका पिकअपचं उदाहरण सांगतो. चालक जुन्नरकडचा, पगारी. एके दिवशी सुरू करताना गाडी खडखडायला लागली, पंधरवड्यात टर्बो गेला आणि मागोमाग बेअरिंगचं काम निघालं. हाफ इंजिन उतरवलं. खर्च पाच आकडी, गाडी दहा दिवस उभी. मालकाने निदान केलं, ‘तू ऑईलपट्टी बघत नव्हतास.’ आणि पगारातून हप्त्याने कापायला सुरुवात केली. मेकॅनिकने जुना फिल्टर करवतीने कापून समोर ठेवला, तर कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटून आत बसलेल्या, तळाशी चिखल. माझ्या वहीत ऑईलच्या तीन नोंदी होत्या, फिल्टरची एकही नव्हती. वही मालकापुढे ठेवली. त्याने वाचली, मिटली आणि म्हणाला, ‘ते असू दे, ऑईलपट्टी बघायला हवी होती.’ कापणी चालूच राहिली. ऑईलपट्टी ऑईल किती आहे ते सांगते, ते गाळून जातंय की नाही हे सांगत नाही. पण हे त्याला ऐकायचंच नव्हतं.

म्हणून मला या काटकसरीची चीड आहे. वाचलेले साडेतीनशे मालकाच्या खिशात आणि बिघाड चालकाच्या डोक्यावर. गाडी उभी राहिली की भत्ता बंद, फेऱ्या बंद. आणि दसऱ्याला त्याच गाडीला झेंडूचे हार, पुढे नारळ, बॉनेटवर हळदकुंकू! माझा पूजेला विरोध नाही, मीही घोडपदेवाच्या देवळावरून जाताना हात जोडतो. पण बॉनेटच्या वर जेवढा खर्च करतो तेवढा त्याच्या खालीही करावा, एवढंच म्हणणं.

काही जण दुसऱ्या टोकाला असतात. अमुक परदेशी फिल्टरच हवा, तमुक रंगाचाच डबा हवा. तेही नको. गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टरवाल्यांकडून करून घेतात. पुण्याचं फ्लीटगार्ड, फरिदाबादचं एलोफिक, झालंच तर बॉश, माले, मान यांतलं आपल्या गाडीच्या नंबराचं काहीही चालेल. मात्र नंबर जुळला पाहिजे. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काउंटरवरचा माणूस ‘हा पण बसतो’ म्हणून दुसराच डबा पुढे करतो, तेव्हा सावध. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. बायपास किती दाबाला उघडतो, बंद गाडीत ऑईल मागे न सांडू देणारा रबरी पडदा आहे की नाही, हे आट्यांवरून कळत नाही. तो पडदा वाईट असेल तर सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होते. त्या सेकंदांत वर ऑईल पोचलेलं नसतं. आणि अर्ध्या किमतीत मिळणारा ‘कंपनीचा’ फिल्टर कंपनीचा नसतो. छापील बिल द्यायला दुकानदार कां कू करू लागला की निघावं.

तसंच जुना फिल्टर हवा मारून किंवा डिझेलने धुऊन परत लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. तो कागद आहे हो, पायपुसणं नव्हे.

बदलायची रीतही लोकांना साधी वाटते म्हणून बिघडते. इंजिन कोमट असताना ऑईल सोडायचं, म्हणजे कचरा बरोबर वाहून जातो. जुना डबा निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बोटाने चाचपून बघायचं. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी चढली, तर दाब आल्यावर सगळं ऑईल रस्त्यावर. नव्या रिंगला ताज्या ऑईलचं बोट लावायचं. डबा उभा बसत असेल तर आधी त्यात ऑईल भरायचं. हाताने फिरवून रिंग टेकली की त्यानंतर पाऊण फेरा, तोही हातानेच (डब्यावर वेगळं छापलं असेल तर तसं). पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नव्हे. पान्याने आवळलेला डबा पुढच्या वेळी निघत नाही, मग त्यात स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात आणि पत्रा फाटतो. चेंबरच्या नटाचा वायसर नवा. गाडी सुरू करून गळती बघायची, बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बघायची. आणि डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर. हे शेवटचं फुकट आहे आणि तेच कुणी करत नाही!

निघालेल्या काळ्या ऑईलचं काय? आमच्याकडे ते एकतर सेंटरिंगच्या पाट्यांना फासायला जातं, नाहीतर गटारात. घोडपदेवची गटारं पूर्वेला खाडीकडेच जाणार, जिथे धक्क्यावर मासळी उतरते आणि पलीकडे शिवडीला फ्लेमिंगो येतात. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. कायदा गल्लीपर्यंत कधी पोचायचा तेव्हा पोचो. तोवर कॅनमध्ये भरून ते नोंदणीकृत ऑईल घेणाऱ्याला देता येतं. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवला की पत्रा भंगारात. दारूखाना शेजारीच आहे.

मालकमंडळींना माझी मागणी साधी आहे. वहीत ‘ऑईल चेंज’ अशी नोंद मी यापुढे लिहिणार नाही. ‘ऑईल-फिल्टर’ असा एकच रकाना असेल आणि दोन्हीची बिलं असल्याशिवाय तो भरला जाणार नाही. आणि इंजिनाचं काम निघालं तर चालकाच्या पगाराला हात लावण्याआधी तो रकाना दोघांनी मिळून वाचायचा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दुसरा हिशेबनीस बघावा. एकाने बघितलाही. असो.

आणि दादा, तूही हे वाचतोस हे मला माहीत आहे. तुझ्या गाडीच्या वहीत गेल्या दोन खेपांना फिल्टर नाही. रविवारी येतोय, मार्कर घेऊन.