बंदीचा फुसका बार

राजधानीत दिवाळीला फटाके उडवावेत की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर २०१६ पासून वारंवार बदलत आले आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील विक्रीचे परवाने स्थगित केले. २०१७ च्या सप्टेंबरात स्थगिती उठली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पुन्हा लागू झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने हरित फटाके आणि रात्री आठ ते दहा ही वेळ, असा मध्यममार्ग सांगितला. २०२० मध्ये हरित लवादाने राजधानी परिसरात संपूर्ण बंदी घातली. पुढे दिल्ली सरकारची हंगामी बंदी डिसेंबर २०२४ मध्ये बारमाही झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्तांतर झाले. नव्या सरकारने सवलत मागितली आणि ऑक्टोबरात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हरित फटाक्यांच्या विक्रीस तीन दिवसांची मुभा दिली.

या सर्व काळात दिल्लीची हवा बदलली नाही. बदलली ती राजकीय सोय. बंदी घालणाऱ्यांना पर्यावरणाचे श्रेय हवे होते, ती सैल करू पाहणाऱ्यांना सणाच्या अस्मितेचे. विधिमंडळात चर्चा करून कायदा करण्याचे धाडस मात्र कोणीच दाखवले नाही. जे निर्णय अधिसूचनेने होतात, ते अधिसूचनेने मोडतातही.

अंमलबजावणीची कथा तर याहून केविलवाणी आहे. स्फोटके हा घटनेनुसार केंद्रसूचीतील विषय; बंदीचा आदेश दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीचा; आणि तो राबवणारे पोलीस केंद्रीय गृहखात्याचे. जबाबदारी तिघांची, म्हणजे कोणाचीच नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर न्यायालयाने पोलिसांची कारवाई हा निव्वळ देखावा असल्याचे सुनावले, ते उगाच नव्हे. बंदीमुळे चोरट्या मालाला बाजार मिळाला, हे २०२५ च्या आदेशातही नमूद झाले.

हरित फटाक्यांचे सूत्र नागपूरच्या ‘नीरी’चे, स्फोटकांचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालयही नागपुरातच. म्हणजे शास्त्र आणि यंत्रणा दोन्ही उपलब्ध आहेत. मात्र हरित फटाक्यातून धूलिकण सुमारे तीस टक्के कमी निघतात. तो निर्धूर नव्हे, हे सरकारने लोकांना स्पष्ट सांगायला हवे.

उत्पादन, घाऊक साठा आणि वाहतूक येथेच तपासणी झाली, तर गल्लीतल्या पोराच्या हातातली फुलबाजी हिसकावण्याची वेळ हवालदारावर येणार नाही. त्यासाठी राजधानी परिसरातील चारही राज्यांचा नियम एक हवा, तो उन्हाळ्यातच ठरायला हवा आणि त्याचे उत्तरदायित्व एकाच अधिकाऱ्याकडे हवे. एरवी दिवाळीच्या पंधरवड्यात निघणारे आदेश हे वरातीमागून घोडेच ठरतात. त्याची किंमत मंत्री मोजत नाहीत. ती दम्याने रात्र जागून काढणारा रुग्ण मोजतो, आणि परवाना घेऊनही माल पडून राहिलेला प्रामाणिक दुकानदार मोजतो.