बिऱ्हाड हललं, पत्ता जुनाच

हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हे छोट्या कार्यालयांतल्या सिस्टिम अ‍ॅडमिनचे आता नेहमीचे काम झाले आहे. रीतही ठरलेली. लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करायचे, 'डीडी'ला जुनी आणि नवी डिस्क सांगायची आणि चहाला निघून जायचे. परत येईपर्यंत किंवा फार तर संध्याकाळपर्यंत कॉपी पूर्ण. मशीन उठते, लॉगिन मिळते, काम फत्ते. जुनी डिस्क 'असू दे तूर्तास' म्हणून तशीच जोडलेली राहते. आठवड्याने कुणीतरी ती फॉरमॅट करते आणि मगच कळते, की आठवडाभराच्या साऱ्या नोंदी तिच्यावरच लिहिल्या जात होत्या.

यात डीडीने चूक काहीच केलेली नसते. डिस्कवरचा बाइट न् बाइट उतरवणे एवढेच त्याला ठाऊक, त्यामुळे फाइल सिस्टिमचा यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो. एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्यावर रूट म्हणून कोणती माउंट होईल, याचा भरवसा उरत नाही. एक्सएफएस निदान अशी दुसरी प्रत माउंट करायला साफ नकार देते. बीटीआरएफएसच्या बाबतीत दोन्ही प्रती एकाच वेळी दिसल्या, तर विदा खराब होण्याचा धोका असतो आणि तिच्या दस्तऐवजांत तसा इशाराही दिलेला आहे.

डीडीचा दुसरा जाच जागेचा. एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा आकडा 32 बिटांत मावावा लागतो, म्हणून 512 बाइटच्या सेक्टरमागे मर्यादा येते 2 टीबीच्या आसपास. जुन्या एमबीआर डिस्कचा छाप 4 टीबीच्या डिस्कवर मारला, की निम्मी जागा पडून. जीपीटी असेल तर तिच्या तक्त्याची राखीव प्रत जुन्या डिस्कच्या मापाने मधेच कुठेतरी अडकते. 'एसजीडिस्क'ने ती शेवटाला हलवावी लागते.

म्हणून डिस्क धडधाकट असेल, तर नव्या डिस्कवर पार्टिशन आणि फाइल सिस्टिम ताज्या बनवून फाइली 'आरसिंक'ने नेणे हीच पहिली पसंती असायला हवी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे हे साधन 1996 पासून वापरात आहे, तरी त्याच्या 'आर्काइव्ह' पर्यायात सगळे काही येते हा समज जात नाही. हार्ड लिंक, एसीएल आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट त्यात येत नाहीत. ते वेगळे मागावे लागतात. 'आरस्नॅपशॉट'चे बॅकअप हार्ड लिंकवरच उभे असतात. तो पर्याय राहिला, तर प्रत्येक दिवसाची स्वतंत्र प्रत होते आणि मोठी डिस्कही बघता बघता भरते. एसईलिनक्सची लेबले निसटली, तर फाइली सगळ्या जागेवर असूनही लॉगिन होत नाही. आणि डेटाबेस चालू ठेवून त्याच्या फाइली उचलणे म्हणजे शुद्ध जुगार. आधी सेवा थांबवायची, मगच कॉपी.

फाइली पोहोचल्या तरी काम अर्धेच झालेले असते, कारण जुन्या डिस्कचा पत्ता एका जागी लिहिलेला नसतो. 'एफएसटॅब' सगळ्यांना आठवते. एन्क्रिप्शन असेल तर 'क्रिप्टटॅब'ही बदलावी लागते. ग्रबच्या मांडणीत रूटचा यूयूआयडी असतो. डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये जुन्या स्वॅपचा पत्ता राहिला, तर मशीन प्रत्येक वेळी त्या स्वॅपची वाट बघत काही काळ थांबते आणि दोष नव्या डिस्कला दिला जातो. फेडोरा किंवा आरएचईएलवर 'ड्रॅकट' सहसा त्याच मशीनपुरती इनिटरॅमएफएस बनवते. साटावरून एनव्हीएमईवर जाताना तिच्यात नवा ड्रायव्हर नसेल, तर रूट सापडतच नाही. यूईएफआयची बूट नोंद तर डिस्कवर नसून मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये असते. सीएचरूट करून इनिटरॅमएफएस आणि ग्रब दोन्ही नव्याने बनवले, की यातले बहुतेक अडथळे एका बैठकीत सुटतात.

दोन ठिकाणी वाट बदलते. सर्व्हर एलव्हीएमवर असेल तर 'पीव्हीमूव्ह' चालत्या मशीनवर विदा सरकवते आणि फाइल सिस्टिमचे यूयूआयडी तेच राहतात. फक्त बूट आणि ईएसपी ही पार्टिशन सहसा एलव्हीएमबाहेर असतात, त्यांची सोय हाताने करावी लागते. दुसरी जागा म्हणजे मरणपंथाला लागलेली डिस्क. 'स्मार्ट'मध्ये रीअलोकेटेड सेक्टर वाढताना दिसू लागले, की आरसिंकचा हट्ट नको. जीएनयू 'डीडीरेस्क्यू' आधी चांगला भाग उचलते, खराब जागांची मॅप फाइलमध्ये नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे मागाहून वळते.

पद्धत कोणतीही असो, मशीन ग्राहकाच्या हवाली करण्याआधीची चाचणी सारखीच हवी. मशीन पूर्ण बंद करून, जुन्या डिस्कची केबल काढून ते पुन्हा सुरू करावे. 'फाइंडएमएनटी'ने रूट कोणत्या डिस्कवर आहे ते डोळ्यांनी पाहावे. मग कर्नलचे एक अपडेट मुद्दाम बसवून पुन्हा बूट करावे, म्हणजे नवी इनिटरॅमएफएस आणि ग्रबची नोंद योग्य पार्टिशनवर लिहिली जाते की नाही, ते तिथल्या तिथे कळेल. जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी आणि नव्या डिस्कवरून घेतलेला पहिला पूर्ण बॅकअप रिस्टोर करून पाहिल्याशिवाय तिच्यावर काहीही लिहू नये.