नाव नोंदवले, आता सराव हवा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाची आग विझवताना स्फोट झाले व अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

रेल्वेच्या नागरी संरक्षण दलात आपलेच कामगार बंधू-भगिनी स्वेच्छेने आगीशी झुंजण्याचे शिक्षण घेतात. जेथे शहराचे असे दल आहे, तेथे टपाल कामगारही दाखल होऊ शकतात. मात्र नुसते नाव नोंदवून भागत नाही. २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड तारेतील प्रवाह बंद झाल्याची खात्री न करता पाण्याचा मारा केला, तर विझवणाराच दगावतो. हे भान धाडसाने येत नाही, सरावाने अंगवळणी पडते. नाइट ड्यूटी करून सराव गाठायचा, तर घरच्यांचीही साथ लागते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरावाचा प्रत्येक तास ड्यूटी म्हणून धरावा आणि स्वयंसेवकाची दुखापत कामावरचीच मानावी. प्रशासनाने एवढे केलेच पाहिजे. आणि बंधू-भगिनींनो, एकदा शब्द दिल्यावर आपणही सराव चुकवता कामा नये.