नकाशा खुला, गल्लाही चालू

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आर्डुइनोचा ‘उनो’ हा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागितला की दुकानदार विचारतो, ओरिजिनल की कॉपी? कॉपी स्वस्त पडते, आणि गंमत म्हणजे ती चोरी असतेच असं नाही. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो जन्मला तो सर्किटचा नकाशा सर्वांना खुला ठेवूनच. राखून ठेवलं ते फक्त नाव. बोर्ड कुणीही बनवावा, त्यावर ‘आर्डुइनो’ छापू नये.

मग पोट कशावर भरायचं? लिमोर फ्राइड यांनी त्याच वर्षी सुरू केलेली ॲडाफ्रूट ही कंपनी डिझाइन फुकट देते. पैसे घेते ते तपासलेल्या बोर्डांचे आणि किटचे. सोबत नवशिक्यालाही कळेल अशी माहिती असते. आमच्या मते खरा माल तोच.

आपल्याकडेही घरच्या टेबलावर असे उद्योग उभे राहताहेत, म्हणून हा अंक. तत्त्वज्ञानापेक्षा आम्ही हिशेबाची वही उघडली आहे : शंभर बोर्डांची पहिली ऑर्डर, त्यात अडकलेलं भांडवल, आणि नकाशात एक डायोड उलटा काढला गेला म्हणून शंभर वेळा हातात घ्यावी लागलेली सोल्डरिंग आयर्न.

तुमच्या बोर्डाची कुणी कॉपी केली आहे का? राग आला की बरं वाटलं, जरूर कळवा.