विमानतळाचा पास नाही, म्हणून?

नवी मुंबईत विमान व्यवस्थापन शिकणाऱ्या पदव्युत्तर मुलांना शेवटच्या वर्षी गाईडच्या देखरेखीखाली एक संशोधन प्रकल्प पुरा करावा लागतो. तो कसा पुरा होतो, हे कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला नीट ठाऊक असतं. गुगल फॉर्म काढायचा, व्हॉट्सअॅपवर फिरवायचा, शंभर रिस्पॉन्स जमले की पाय-चार्ट करायचे. मग सरांची सही घ्यायची आणि काळ्या पुठ्ठ्याची बांधणी करून 'ब्लॅक बुक' जमा करायचं. विषय बहुतेक वेळा विमान प्रवाशांच्या समाधानाचा. फॉर्म भरणाऱ्याने विमानात पाय तरी ठेवलाय का, हे कुणी विचारत नाही.

या प्रकाराचं समर्थन करणारे पहिलं सांगतात ते असं : एअरलाइनला काम करणारा माणूस हवा असतो, प्रबंध नको. ऐकायला हे व्यवहारी वाटतं. पण डिसेंबर २०२५ आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर जाणार होती आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा येणार होती. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. महिनाभरात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. देशातल्या सर्वांत मोठ्या एअरलाइनकडे काम करणाऱ्या माणसांची वाण नव्हती; नव्या नियमांनुसार किती वैमानिक लागतील, हा अंदाज चुकला. नियम, वेळापत्रक आणि वैमानिकांची संख्या एकत्र मांडून पुढचा महिना कसा जाईल हे विचारणं, याला संशोधनच म्हणतात. ते ज्याने शिकताना एकदाही केलं नाही, त्याला रोस्टरच्या टेबलाशी बसवून काय होणार?

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो आणि जास्त पोकळ आहे : आत जायला पास मिळत नाही, डेटा मिळत नाही, मग संशोधन कशावर करायचं? विमानतळाच्या सुरक्षित भागात विद्यार्थ्याला मोकळं फिरू देत नाहीत, हे खरं, आणि ते योग्यच आहे. पण विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीची आकडेवारी प्रसिद्ध करतं. त्यात वेळेवर सुटलेली उड्डाणं, रद्द झालेली उड्डाणं व त्यांची कारणं, प्रवाशांच्या तक्रारी, सगळं असतं. विमान अपघातांच्या चौकशीचे अहवाल ती चौकशी करणाऱ्या एएआयबीच्या संकेतस्थळावर सापडतात. ते शेवटच्या पानापर्यंत वाचलेले विद्यार्थी किती असतील, याची मला शंकाच आहे.

आणि डेटा कुंपणाबाहेरही असतो. विमान नियम, १९३७ मधला नियम ९१ घ्या. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात पक्षी ओढले जातील अशा तऱ्हेने कचरा टाकायला किंवा जनावरं कापायला परवानगीशिवाय मनाई आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून जिथून विमानं उडू लागली, त्या आपल्या नवी मुंबई विमानतळाभोवती या परिघात उलवे, बेलापूर, कामोठे आणि पनवेल येतात. या वस्त्यांत उघडे उकिरडे कुठे आहेत? मासळी आणि मटणाच्या दुकानांतला टाकाऊ माल रात्री कुठे पडतो? त्यावर सकाळी किती घारी घिरट्या घालतात? वही, मोबाइल आणि पायपीट, एवढ्यावर हे काम होतं. पास लागतो कुठे?

हा विषय किरकोळ वाटत असेल त्यांनी २० मे २०२४ ची रात्र आठवावी. मुंबईत उतरणाऱ्या एमिरेट्सच्या विमानावर घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांचा थवा आदळला आणि तीसहून अधिक पक्षी मेले. ठाण्याची खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. खाडीतले हे पक्षी भरतीच्या वेळी नेरूळ परिसरातल्या पाणथळ जागांवर उतरतात. त्या बुजवल्या तर थवे कुठे जातील, हा प्रश्न पक्षीप्रेमींइतकाच विमानशास्त्राचाही आहे.

तिसरी तक्रार मात्र निम्मी मान्य करायला हवी. एकेका गाईडच्या गळ्यात इतकी मुलं बांधली जातात की सही करण्यापलीकडे त्याला उसंत नसते. यात दोष संस्थांचा आहे आणि त्यांनी मुलांची संख्या कमी केलीच पाहिजे. पण गाईडने विषय हातात ठेवायचा असतो, ही समजूत चुकीची. त्याचं खरं काम कात्री चालवण्याचं. विद्यार्थी 'भारतातील पक्षी-धडका' घेऊन येतो, गाईडने त्याला 'उलव्यातले दोन सेक्टर, सकाळी सहा ते आठ' इथवर आणायचं. असा प्रबंध वेळेत पुरा होतो, कारण तो पुरा होण्याजोगा असतो. निष्कर्ष छोटा निघाला किंवा अपेक्षेच्या उलट निघाला, तर तसंच लिहावं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि सॉफ्टवेअर तेवढं मोजतं. प्रबंधात मुळात प्रश्नच नाही, हे ते सांगत नाही. ते व्हायवाला बसलेल्या परीक्षकाने सांगायचं, आणि तसं ब्लॅक बुक परत करायची हिंमत दाखवायची.

ज्यांचा विषय अजून ठरलेला नाही त्यांनी नियम ९१ एकदा वाचून काढावा आणि येत्या रविवारी सकाळी सहाला उलव्यात पोचावं.