सोलापूरकरांनो, ते वाक्य मला लागतं

सोलापूरकरांनो,



"नळाला पाचव्या दिवशी पाणी, आणि हे निघाले चंद्रावर!" २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा हे मी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलं. आता गगनयानाची बातमी आली की पुन्हा तेच. पाण्याचे हाल मला सांगू नका, माझ्याही घरात पिंपं भरून ठेवलेली असतात. पण हे वाक्य मला लागतं. ते यान ज्या बूस्टरांनी उचललं, त्यांच्या कवचाचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात आणि माझी उमेदीची सगळी वर्षं तिथे वेल्डिंग करण्यात गेली.

वालचंदनगर परमुलूख नाही. अकलूजकडून नीरा ओलांडली की फार लांब नाही. ते वसवणारे शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. १९४० मध्ये त्यांनी बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला. त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या शहरात आहे. तरी अग्निबाण म्हटलं की तुम्हाला ते दिल्लीकरांचे चोचले वाटतात.

१९७३ पासून हा कारखाना इस्रोचं काम करतोय. बूस्टरचं कवच म्हणजे ३.२ मीटर व्यासाचं मॅरेजिंग पोलादाचं नळकांडं. पत्रा बोटाएवढाही जाड नाही आणि आत दोनशे टन इंधन जळणार. सांधा जोडला की त्याचा एक्स-रे निघतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढं छिद्र सापडलं तरी तो सांधा काढून पुन्हा भरायचा. मग पाण्याच्या दाबाची चाचणी. त्या चाचणीच्या वेळी शॉपमध्ये कुणी मोठ्याने बोलत नसे. असे सांधे जोडणारे हात शाळेत तयार होत नाहीत, त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात. चांद्रयान-३ चे सुमारे ६१५ कोटी "वर गेले" म्हणता, ते पोलादात, भट्ट्यांत आणि आमच्यासारख्यांच्या पगारांत गेले. त्या पगारांवर आमची पोरं शिकली.

आणि खर्च तरी केवढा? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अवकाश विभागाला सुमारे १३,४१६ कोटी मिळाले. केंद्राच्या शंभर रुपयांतले जेमतेम सव्वीस पैसे. इस्रोने करवून घेतलेला अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात एका रुपयामागे अडीच रुपये अर्थव्यवस्थेत परत येतात असा अंदाज आहे. अंदाज तुम्हाला पटो न पटो, वादळं तरी आठवा. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा उपग्रहांनी ते आधीपासून पाहिलेलं होतं, लाखो लोक वेळेत हलवले गेले आणि बळी पन्नासच्या आत राहिले. आपल्या सांगोल्यातला डाळिंबवाला फवारणीआधी मोबाइलवर पाऊस बघतो, त्या अंदाजामागे इन्सॅट उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रं असतात. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून त्याच्यावर राग नाही. तुमच्यावर आहे, कारण तुम्ही पेपर वाचता.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपलं काय झालं, आठवून पाहा. लक्ष्मी-विष्णूचे कामगार रस्त्यावर आले, त्यांची पोरं पुण्याच्या गाड्या धरून गेली, अजून जाताहेत. अशा गावाने तर नव्या, अवघड कामासाठी हात पसरायला हवेत. चिंचोळीच्या एमआयडीसीत अग्निबाणाचे सुटे भाग का होऊ नयेत? आयटीआयच्या पोरांना एक्स-रे पास होणारं वेल्डिंग कोण शिकवणार? हे विचारणारा एक मोर्चा आजवर निघाला नाही.

आणि पाण्याचं म्हणाल, तर उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि तरी आपल्या शहराची समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली. ती काही कुणी चंद्रावर नेलेली नव्हती. पाण्यासाठी भांडायचं तर बोलवा, मी पुढे उभा राहतो. पण माझ्या कामाला त्या भांडणात शिवी देऊ नका.

तुमचाच,
एक निवृत्त वेल्डर